बिनतारी लहरींना दिशा



आजचा विषय दिसावयास लहान आहे. घराच्या, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेल्या वाय-फायच्या पेटीचा पल्ला उघड्यावर कसा वाढवावा, आणि त्या कामी विशिष्ट दिशेला तोंड असलेल्या अँटेनाचा उपयोग काय, एवढाच तो विषय.

भिंतीच्या आत ही पेटी आपले काम मुकाट्याने करीत असते. तिची आठवण होते ती आपण दाराबाहेर पडलो म्हणजे. अंगणात आले की मोबाइलवरची खूण क्षीण होते. फाटकापाशी ती नाहीशी होते. शहरातील माणसाला ही फार तर गैरसोय वाटेल. परंतु सात-बाराचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, शिष्यवृत्तीचा फॉर्म, परीक्षेचा निकाल ही सगळी कामे आता ज्या मार्गाने होतात, तो मार्ग मुख्य गावापर्यंत आला आणि ओढ्यापलीकडच्या वाडीपर्यंत आला नाही, तर त्या वाडीतील मुलाच्या दृष्टीने तिला गैरसोय म्हणता येत नाही. त्याचे ते मागे पडणे असते. मधले अंतर पुष्कळदा किलोमीटर-दोन किलोमीटरचेच असते. तेवढ्यासाठी रस्ता खणून केबल नेणे खर्चाचे होते; दोन खांब आणि दोन अँटेना यांनी ते काम होण्यासारखे असते. मात्र कोणती अँटेना, कोठे आणि कशासाठी, हे न समजता खरेदी केली, तर खांब उभा राहतो, पैसे खर्च होतात आणि वाडी होती तेथेच राहते.

पुष्कळांची अशी समजूत असते की, पल्ला वाढवावयाचा म्हणजे जोर वाढवावयाचा. ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि पैसा वाया जातो तो बहुधा उरलेल्या अर्ध्या भागाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. मला आज मुख्यतः दोन गोष्टी आपल्यापुढे मांडावयाच्या आहेत. पहिली अशी की, अँटेना शक्ती निर्माण करीत नाही. असलेल्या शक्तीची वाटणी तेवढी ती बदलते. दुसरी अशी की, अँटेना ज्या दिशेला अधिक चांगली बोलते, त्याच दिशेचे ती अधिक चांगले ऐकते. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची असून ती सहसा कोणी सांगत नाही.

लहर विरळ का होते

वाय-फायच्या लहरी प्रकाशाच्याच कुळातील आहेत. त्यांच्यापैकी जुना पट्टा आहे तो 2400 मेगाहर्ट्झच्या वरचा. म्हणजे लहर सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा कंप पावते. तिची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर भरते. दुसरा पट्टा ५००० मेगाहर्ट्झच्या वरचा. त्याची लहर सहा सेंटिमीटरांच्या आसपासची.

दिव्यापासून दूर जावे तसा उजेड कमी होतो, तोच न्याय येथेही लागू पडतो. अंतर दुप्पट झाले की तीच शक्ती चौपट क्षेत्रावर पसरते आणि वाट्याला चौथा हिस्सा येतो. अंतर दसपट झाले की शंभरावा. प्रत्यक्ष आकडा ऐकला तर नवल वाटेल. कोणत्याही दिशेचा पक्षपात न करणाऱ्या दोन कल्पित अँटेना एकमेकींपासून एक किलोमीटरवर ठेवल्या, तर या २४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पाठविलेल्या शक्तीचा सुमारे एक हजार कोटीवा भाग दुसरीच्या हाती लागतो. घरगुती पेटी साधारणपणे १०० मिलिवॉट, म्हणजे एका वॉटचा दहावा हिस्सा, एवढ्या शक्तीने बोलते. तिचा हजार कोटीवा भाग किती सूक्ष्म असेल याची कल्पनाच केलेली बरी! तरीही आजची उपकरणे तो ओळखू शकतात, मात्र अगदी मंद गतीने. चित्रे आणि चलच्चित्रे वेगाने हवी असतील, तर हाती येणारा वाटा पुष्कळ पटींनी वाढविला पाहिजे.

तो वाढवावयाचा कसा? वर सांगितलेल्या वर्गाच्या नियमामुळे पल्ला दुप्पट करण्यास शक्ती चौपट लागते, आणि दसपट करण्यास शंभरपट. शंभरपट शक्ती म्हणजे शंभर मिलिवॉटऐवजी दहा वॉट. हा मार्ग खर्चाचा आहे, कायद्याने बंद आहे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे बऱ्याच अंशी निरुपयोगीही आहे.

कणकेचा गोळा

पेटीवर बोटभर जाडीच्या ज्या कांड्या उभ्या असतात, त्या आपल्या भोवती चोहोकडे सारख्याच बोलतात. डोक्यावर आणि पायाखाली मात्र फारसे काही पाठवीत नाहीत. घराच्या मध्यभागी पेटी असेल तर ही व्यवस्था उत्तम. पण तीच पेटी शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, मैदानाकडे तोंड करून लावली, तर अर्धी शक्ती भिंतीत आणि भिंतीमागच्या वर्गांत जाते. मैदानाच्या वाट्याला येणारा भाग मुळातच अपुरा, त्यात निम्मा असा वाया.

अँटेनाचा गुण समजण्यास कणकेचा गोळा डोळ्यांपुढे आणावा. गोळा तेवढाच असतो. तो एका बाजूने दाबला की दुसऱ्या बाजूने पुढे येतो. तो पुढे आला म्हणून कणीक वाढली असे कोणी म्हणत नाही. दिशायुक्त अँटेना हेच करते. मागे आणि बाजूंना जाणारी शक्ती आवरून ती समोर लोटते. समोर किती पट लोटली हा जो आकडा, त्याला अँटेनाची प्राप्ती म्हणावे. दुकानात तो डेसिबेलच्या हिशेबात सांगतात. त्या हिशेबात ३ म्हणजे दुप्पट, ६ म्हणजे चौपट, १० म्हणजे दसपट, १४ म्हणजे सुमारे पंचवीसपट आणि २० म्हणजे शंभरपट. हे एवढे पाठ असले, तरी दुकानदाराशी बोलताना माणूस गोंधळत नाही.

या कल्पनेला शतकाहून अधिक इतिहास आहे. जर्मनीत हाइनरिख हर्ट्झ याने १८८८ च्या सुमारास जस्ताचे पत्रे अन्वस्ताकार वाकवून बिनतारी लहरींचा झोत तयार केला होता. कलकत्त्यास आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी त्यापुढील दशकात अगदी आखूड लहरींवर प्रयोग केले आणि त्या गोळा करण्यास शिंगाच्या आकाराचा कर्णा वापरला. १९२६ साली जपानातील सेंदाई येथे शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी एका आडव्या दांडीवर ओळीने धातूच्या काड्या बसवून अशी अँटेना सिद्ध केली, की मागच्या लांब काडीने लहर परतवावी आणि पुढच्या आखूड काड्यांनी तिला वाट दाखवावी. गंमत अशी की, ही युक्ती जपानात दुर्लक्षित राहिली आणि बाहेरच्या देशांनी उचलली. १९४२ मध्ये सिंगापूर घेतल्यावर जपानी अधिकाऱ्यांना ब्रिटिशांच्या टिपणांत ‘यागी’ हा शब्द वारंवार आढळला आणि त्याचा अर्थ त्यांना एका ब्रिटिश कैद्याला विचारावा लागला, अशी हकीकत सांगतात.

आपल्याकडे यागी हे नाव फारसे कोणी घेतले नसेल, पण ती वस्तू सर्वांच्या परिचयाची आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढे गावोगावच्या गच्च्यांवर ज्या काड्याकाड्यांच्या अँटेना उभ्या राहिल्या, त्या याच जातीच्या. एकाने वर जाऊन नळी फिरवावी, दुसऱ्याने खिडकीतून ‘आलं, आलं... गेलं!’ असे ओरडावे, हा उद्योग ज्यांनी केला आहे त्यांना दिशायुक्त अँटेना म्हणजे काय हे समजावून सांगण्याचे कारण नाही. वाय-फायची लहर त्या लहरींहून पुष्कळ आखूड, म्हणून तिची यागी अँटेनाही हातभर नळीत मावते. तत्त्व मात्र तेच.

कोणत्या कामास कोणती

आता प्रकार पाहू. पहिली उंच कांडी. ती घरच्या कांडीहून लांब असते आणि पल्ला मोठा सांगते. तिने कणकेचा गोळा वरखालून दाबून भाकरीसारखा चपटा केलेला असतो; त्यामुळे चोहोबाजूंनी लांबपर्यंत पोच होते. परंतु ती उंच मनोऱ्यावर लावली तर ही भाकरी लोकांच्या डोक्यावरून निघून जाते, आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी बसलेल्यास काहीच मिळत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दुसरा प्रकार सपाट पाटीसारख्या अँटेनाचा. ही ६०, ९० किंवा १२० अंशांच्या कोनात पंख्यासारखी पसरते. मैदान, बाजारपेठेचा चौक, बसस्थानकाचे आवार, देवळासमोरची जागा यांसाठी हीच योग्य. एक हिशेब करून पाहू. साध्या कांडीची प्राप्ती सुमारे दीडपट. ९० अंशांच्या चांगल्या पाटीची सुमारे पंचवीसपट. म्हणजे पाटी कांडीच्या साधारण सोळापट. सोळाचे वर्गमूळ चार. मोकळ्या मैदानावर जेथे ६० मीटर पोच होती, तेथे पेटीची शक्ती तिळमात्र न वाढविता ती २४० मीटरांच्या घरात जाते. पाटी उंचावर असेल तर तिची मान थोडी खाली झुकवावी, नाहीतर तीही लोकांच्या डोक्यावरून बोलत राहील.

तिसरा प्रकार थाळीचा, मग ती भरीव असो वा जाळीची. ६० सेंटिमीटर व्यासाची थाळी समोरच्या दिशेला सुमारे सव्वाशेपट प्राप्ती देते. परंतु तिचा झोत अवघा पंधरा अंशांचा असतो. एक किलोमीटरवर त्याची रुंदी सुमारे २६० मीटर भरते. व्यास वाढवावा तसा झोत आणखी अरुंद होतो. म्हणून थाळी मैदानासाठी नव्हे. ती एका टोकावरून दुसऱ्या टोकास, गावातून वाडीस, सांधा जोडण्यासाठी. शहाणपणाची योजना अशी असते की, गावात एक थाळी, वाडीच्या खांबावर तिच्यासमोर दुसरी थाळी, आणि त्याच खांबावर वाडीतील घरांकडे तोंड केलेली एक पाटी. लांबचे काम थाळीने करावे, जवळचे पाटीने. एकाच अँटेनाकडून दोन्ही कामे करून घेण्याच्या हव्यासातच बहुतेक योजना फसतात.

ऐकण्याची बाजू

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळू. आकाशवाणी आपल्याशी बोलते, आपण तिच्याशी बोलत नाही. वाय-फायचे तसे नाही. मोबाइलवर एखादे पान उघडावयाचे, तर ‘हे पान पाठव’ अशी मागणी आधी मोबाइलने करावी लागते. पान आले तर तुकड्या-तुकड्याची पोच त्याला परत द्यावी लागते. पोच आली नाही तर पेटी तोच तुकडा पुन्हा पाठविते. सारांश, हे व्याख्यान नसून संभाषण आहे.

मोबाइलची शक्ती बेताची, बहुधा १०० मिलिवॉटच्या आतली. अँटेना बोटभरही नाही, आणि तीही धरणाऱ्याच्या तळहाताने झाकलेली. अशा वेळी भिंतीवरच्या पेटीला शक्तिवर्धक यंत्र जोडून तिचा आवाज दसपट केला तर काय होईल? पेटीचे बोलणे मोबाइलला लांबूनही ऐकू येईल. त्याच्यावरची खूण पुरी भरलेली दिसेल. पण मोबाइलचे क्षीण बोलणे पेटीला ऐकू येणार नाही. पुरी खूण दिसत असून पान उघडत नाही, हा अनुभव पुष्कळांना असतो. त्याचे एक कारण हे आहे.

अँटेनाचे तसे नाही. निसर्गाचा नियमच असा आहे की, एखादी अँटेना एखाद्या दिशेला जितक्या पटींनी अधिक पाठविते, तितक्याच पटींनी त्या दिशेकडून आलेले अधिक गोळा करते. शक्तिवर्धक यंत्र नुसता घसा मोठा करते. दिशायुक्त अँटेना घसा आणि कान दोन्ही सुधारते. शिवाय इतर दिशांचा गोंगाट ती कमी ऐकते, हा वेगळा लाभ. तिन्हीसांजेच्या बाजारात कानामागे हात धरून समोरच्याचे बोलणे ऐकणारा म्हातारा हेच करीत असतो.

ऐकण्याचे सामर्थ्य केवढे असते, हे पाहावयाचे तर फार दूर जावयास नको. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची प्रचंड दुर्बीण आहे. ती आकाशाला निरोप पाठवीत नाही. केवळ ऐकते, आणि अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी टिपते. आपल्या गच्चीवरील दोन फुटी थाळी ही त्याच घराण्यातील धाकटी पाती म्हणावयास हरकत नाही.

येथे कायद्याचा प्रश्न येतो. भारत सरकारने २००५ च्या जानेवारीत २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना खुला केला, तेव्हा काही मर्यादा घातल्या : यंत्राची शक्ती एक वॉटपर्यंत, अँटेनाची प्राप्ती धरून एका दिशेला होणारा एकूण परिणाम चार वॉटपर्यंत, आणि अँटेनाची उंची इमारतीच्या छतापासून पाच मीटरपर्यंत. पुढे २०१८ साली ५००० मेगाहर्ट्झवरील मोठा पट्टाही घराबाहेरच्या वापरास मोकळा झाला. त्याच्या मर्यादा निराळ्या आहेत, आणि उभारणी करणाऱ्याने त्या त्या वेळचे नियम पाहूनच पाऊल टाकावे.

चार वॉटच्या या मर्यादेचा अर्थ असा. सव्वाशेपट प्राप्तीची थाळी १०० मिलिवॉटच्या पेटीस जोडली, तर परिणाम साडेबारा वॉटचा होईल, तो मर्यादेबाहेर. म्हणून पेटीची शक्ती ३२ मिलिवॉटपर्यंत उतरविली पाहिजे. मग थाळी फुकट गेली काय? मुळीच नाही. कायद्याने बोलण्याला मर्यादा घातली आहे, ऐकण्याला घातलेली नाही. दोन्ही टोकांना थाळ्या असल्या म्हणजे एक थाळी १०० मिलिवॉटऐवजी चार वॉटच्या परिणामाने बोलते, म्हणजे चाळीसपट. समोरची थाळी सव्वाशेपट ऐकते. गुणाकार पाच हजार. त्याचे वर्गमूळ सत्तर. झाडे, इमारती आणि इतरांचा गोंगाट यांमुळे यातला काही भाग कापला जातो हे खरे. तरी उरतो तो लाभ कोणत्याही शक्तिवर्धकाला झेपणारा नाही, आणि तो कायदा पाळून मिळतो.

उभारणीतील अडचणी

तत्त्व समजले तरी काम खांबावर चढूनच करावयाचे असते, म्हणून चार व्यावहारिक गोष्टी सांगतो.

पहिली दृष्टिपथाची. दोन थाळ्यांनी एकमेकींना पाहिले पाहिजे. पण नुसती रेषा मोकळी असून भागत नाही. लहर दोरीसारखी जात नाही. मधल्या भागात ती फुगीर होते. एक किलोमीटरच्या सांध्यात, २४०० मेगाहर्ट्झला, हा फुगवटा मध्यावर रेषेच्या भोवती साडेपाच मीटरांपर्यंत असतो, आणि त्यातले निदान साडेतीन मीटर तरी मोकळे असावे लागतात. पाच किलोमीटरांवर हाच फुगवटा साडेबारा मीटरांचा होतो. तेव्हा ‘येथून समोरचा खांब दिसतो’ एवढ्यावर समाधान मानू नये. मधल्या झाडांच्या आणि छपरांच्या वरून किती अंतर राहते ते पाहावे.

झाडांविषयी आणखी एक सावधगिरी, आणि ती या ऋतूतच सांगण्यासारखी आहे. फाल्गुन-चैत्रात साग निष्पर्ण असतो, पळस पाने टाकून फुललेला असतो. त्या दिवसांत जोडलेला सांधा उत्तम चालतो; आषाढात मधले रान पानांनी भरते, पाने पाण्याने भिजतात, आणि सांधा तुटतो. मग दोष पावसाला दिला जातो. वास्तविक या लहरींवर पावसाच्या धारांचा परिणाम नगण्य आहे; लहर खातात ती ओली पाने. म्हणून वसंतात पाहणी करणाऱ्याने आषाढ डोळ्यांपुढे ठेवून खांबाची जागा निवडावी.

दुसरी गोष्ट केबलची. पेटी खाली खोलीत आणि अँटेना वर गच्चीवर, अशी सोय पुष्कळांना बरी वाटते. परंतु साधी बारीक केबल या लहरी इतक्या खाते की, दहा मीटरांत शक्तीचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. सव्वाशेपट प्राप्तीची थाळी विकत घ्यावयाची आणि तिच्यातले नऊ दशांश केबलीत घालवावयाचे, हा व्यवहार आतबट्ट्याचा. आणि हा तोटा बोलताना होतो तसाच ऐकतानाही. यावर उपाय सोपा आहे : पेटी वर अँटेनापाशीच बसवावी आणि खालून माहितीची केबल न्यावी. या केबलीतूनच वीजही देता येते आणि ती शंभर मीटरपर्यंत निर्धास्त नेता येते.

तिसरी गोष्ट बसविण्याची. उभी धरलेली लहर आणि आडवी धरलेली लहर यांचे सहसा जमत नाही. एका टोकाची अँटेना उभी आणि दुसऱ्याची आडवी राहिली, तर समोरासमोर असूनही ऐकू येत नाही. रोख जुळविताना एका टोकाची थाळी हळूहळू फिरवावी, आकडा सर्वांत चांगला येईल तेथे थांबवावी, मग दुसरीकडे तेच करावे, आणि नंतरच नट पक्के आवळावेत. सांध्यांच्या जोडांना पाणी लागणार नाही अशी रबरी पट्टी गुंडाळावी; पावसाळ्यात सांधे बंद पडतात ते पुष्कळदा या जोडांत पाणी शिरल्यामुळे. खांबाला चांगले अर्थिंग आणि विजेपासून संरक्षण हवेच; उघड्या माळावरचा लोखंडी खांब वळवाच्या पावसात काय ओढवून घेईल, ते आपणांस सांगावयास नको.

चौथी गोष्ट वेळेची. मघाशी सांगितले की, पेटी प्रत्येक तुकड्याच्या पोचेची वाट पाहते. ही वाट ती फार थोडा वेळ पाहते. कारण तिची कल्पना घराएवढ्या अंतराची असते. लहरीला एक किलोमीटर जाण्यास सेकंदाच्या दशलक्षांशांच्या मानाने सव्वातीन भाग लागतात, आणि परत येण्यास तेवढेच. अंतर काही किलोमीटर झाले की पोच येण्यापूर्वीच पेटी निराश होते व तोच तुकडा पुन्हा पाठविते. म्हणून घराबाहेरच्या उपकरणांत अंतर भरण्याची सोय असते. ते विसरू नये.

गायरान

परवान्याविना मोकळा ठेवलेला हा पट्टा म्हणजे गावचे गायरान आहे. त्यावर कोणा एकाची मालकी नाही. सर्वांची गुरे तेथे चरतात. २४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तर एकमेकांना धक्का न लावता चालतील अशा वाटा तीनच आहेत. तेथे एकाने मर्यादेबाहेर आवाज वाढविला की शेजारचे दहा जण खोळंबतात. मग तेही आवाज वाढवितात, आणि शेवटी कोणाचेच कोणाला ऐकू येत नाही. अशा ठिकाणी दिशायुक्त अँटेना हे सभ्यतेचेही साधन ठरते. ज्याला बोलावयाचे त्याच्याकडेच तोंड करावे, इतरांच्या कानाशी ओरडू नये, हा शिष्टाचार आपण घरात पाळतो. तोच येथे पाळावयाचा.

तिच्यापासून होणारा एक उपद्रवही सांगितला पाहिजे. वाय-फायचा नियम असा की, प्रत्येकाने बोलण्यापूर्वी कानोसा घ्यावा. कोणी बोलत असेल तर थांबावे. मोठ्या मैदानाच्या दोन टोकांना दोन मोबाइल असतील, तर पाटीच्या कृपेने पेटीला दोघांचेही ऐकू येते, पण त्या दोघांना एकमेकांचे ऐकू येत नाही. दोघेही शांतता आहे असे समजून एकदम बोलतात आणि पेटीपाशी दोघांचाही घोटाळा होतो. आधी पेटीकडे बोलण्याची परवानगी मागावयाची, अशी सोय उपकरणांत असते. तिने हे बरेचसे सावरते. तरीही गर्दीच्या जागी एक दांडगी अँटेना लावण्यापेक्षा लहान टापूच्या तीन-चार लावणे पुष्कळदा श्रेयस्कर असते.

जेथे हे घडले

हे सारे कागदावरचे नाही. नेपाळात महाबीर पुन या शिक्षकाने म्याग्दी जिल्ह्यातील नांगी हे आपले डोंगरी गाव पोखराशी जोडले. टीव्हीच्या थाळ्यांपासून घडविलेल्या अँटेना आणि झाडांवर बांधलेले मधले टप्पे एवढ्या सामग्रीवर त्यांनी प्रारंभ केला. २००७ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तमिळनाडूत थेनी येथील अरविंद नेत्ररुग्णालयाने या शतकाच्या पहिल्या दशकात बर्कले येथील संशोधकांच्या साहाय्याने आसपासच्या गावांतील दृष्टिकेंद्रे वाय-फायच्या लांब सांध्यांनी जोडली. गावातील रुग्ण केंद्रात बसे, आणि थेनीचा डॉक्टर पडद्यावर त्याच्याशी बोलून शस्त्रक्रिया लागेल की चष्म्यावर भागेल ते सांगे. एका बसप्रवासाचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी ज्याची वाचते, त्याला अँटेनाचे मोल विचारावे.

याच तंत्राची कमाल मर्यादा पाहण्याचा प्रयोग व्हेनेझुएलात झाला. एर्मानो पिएत्रोसेमोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये २७९ किलोमीटरांचा, आणि २००७ मध्ये अँडीज पर्वतातील एका शिखरावरून ३८२ किलोमीटरांचा सांधा जोडून दाखविला. पेट्या घरगुती वापराच्याच. थाळ्या मात्र मोठ्या, आणि पृथ्वीचा फुगवटा ओलांडण्यास उंच डोंगर. लहरीला एवढे अंतर जाण्यास सेकंदाचा सुमारे आठशेवा भाग लागतो. म्हणून पोचेची वाट पाहण्याचा नियमच त्यांना बदलून घ्यावा लागला. तो बदलल्यावर दोन्ही दिशांना मिळून सेकंदाला सुमारे ६ मेगाबिट माहिती वाहिली.

आणि आपल्याच महाराष्ट्रात, पालघर जिल्ह्यात, मुंबईच्या आय. आय. टी.मधील अभ्यासकांनी ‘ग्राममार्ग’ या योजनेत केबल जेथवर आली तेथून पुढची वाट बिनतारी सांध्यांनी काढून गावांत वाय-फाय नेले. २०१७ साली मोझिला संस्थेच्या स्पर्धेत या योजनेला पहिले पारितोषिक मिळाले. पालघरमधील पाडे मुंबईपासून किती जवळ आहेत आणि किती दूर आहेत, हे आपण जाणता.

या सर्व ठिकाणी यश आले ते कोणी मोठ्याने ओरडल्यामुळे नव्हे. कोणाशी बोलावयाचे ते ठरले, त्याच्याकडे तोंड केले, त्याचे क्षीण बोलणे ऐकण्याची तयारी ठेवली, आणि मधले झाड ध्यानात घेतले. आपल्यापैकी कोणी शाळेच्या समितीवर असतील, कोणी सहकारी संस्था चालवीत असतील, कोणाचे गाव अद्याप ओढ्यापलीकडे असेल. यापुढे दुकानदार जेव्हा ‘ही अँटेना दहा किलोमीटर जाते’ असे सांगेल, तेव्हा त्याला दोन प्रश्न अवश्य विचारावे : ती कोणत्या दिशेचे काढून कोणत्या दिशेला देते? आणि पलीकडच्या टोकाला जो आहे, त्याचे हिला कितपत ऐकू येईल? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज खांबाचा खड्डा खणू नये.